सगळ्यांना काचेची, मला कागदाची

सगळ्यांना काचेची आणि मला कागदाची. आता तुम्हीच सांगा, ह्याच्यावर माणसाने काय समजायचं? थाळी हो, थाळी म्हणतोय मी, नाताळच्या बिस्किटांची... नाही, थांबा. आधी माफी मागायची होती. कागदावर सगळ्यात वर तसं लिहूनही ठेवलंय, 'आधी माफी माग', आणि नेमकं तेच विसरलो. तर माफ करा. मी हे लिहून आणलंय, कारण चार माणसांसमोर उभं राहिलं की माझा घसा बंद होतो, आणि लिहिलंय त्यात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर असणार, तुम्हाला त्या ऐकू येणार नाहीत, पण आहेत, म्हणून सांगून टाकलं. शब्दही साधेच आहेत. शाळा मी दहावीतच सोडली आणि आता शाळेच्याच पिवळ्या बसगाड्या धुतो, म्हणजे मी शाळा सोडली तरी शाळेने काही मला सोडलेलं नाही.

तर थाळी.

मी संशयी माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण कागदाची?

तुम्ही आमच्या उत्तर मिनेसोटातले नसाल तर तुम्हाला वाटेल, हा एवढं काय घेऊन बसलाय, बिस्किटं मिळाली ना, खा आणि गप बस. तर ऐका. आमच्या बस डेपोत नाताळच्या आधी सगळे एकमेकांना घरी भाजलेलं काहीतरी देतात. घरी भाजलेलं. विकतचं दिलं तर लोक काळजीने विचारतात, घरी सगळं बरं आहे ना, बायको कुठे गेलीय का. आणि भारी दिलं तर त्याहून वाईट. आमचा ड्वेन, लांबच्या फेरीची बस चालवतो, बोलका आहे, त्याने एकदा शहरातून सोनेरी कागदातली चॉकलेटं आणली होती, तर ईस्टरपर्यंत सगळे त्याच्याकडे असे बघत होते की ह्याने केलंय तरी काय. म्हणजे द्यायचं ते स्वस्तातलं, ओट्स, काकवी, सुंठ, घरात जे असेल त्याचं, आणि समोरच्याने म्हणायचं, कशाला एवढा त्रास, आणि आपण म्हणायचं, छे छे, काहीच नाही, आणि मग त्याने तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घ्यायचं. हे सगळं ठीक. पण खरी गोष्ट खाली असते. भांडं! काचेच्या थाळीत दिलं, तर थाळी परत करावी लागते, आणि रिकामी थाळी परत करणं म्हणजे... नाही, ते कुणी करतच नाही. म्हणून भरून परत करायची. म्हणजे काचेची थाळी देणारा काय सांगतो? तो सांगतो, बाबा रे, आपलं पुढेही येणं-जाणं आहे. आणि कागदाची थाळी म्हणजे खा, थाळी कचऱ्यात टाक, आणि सुखी राहा.

आता सांगा.

थाळी दिली अर्लिसबाईंनी. अर्लिसबाई म्हणजे आमच्या डेपोच्या सर्वेसर्वा, कुठली बस कुठल्या रस्त्याने जाणार हे त्या ठरवणार, बर्फ पडला तर शाळेला कळवणार, आणि मला कामाला ठेवलं तेही त्यांनीच. पानगळीच्या दिवसांत मी टोपी हातात धरून त्यांच्यासमोर उभा होतो आणि त्या म्हणाल्या, "ठीक आहे लायल, नाताळच्या सुट्टीपर्यंत बघू." बघू म्हणजे काय बघू? बघू आणि ठेवू, की बघू आणि काढू? आता तुम्ही म्हणाल, मग विचारायचं होतंस. आमच्याकडे विचारत नाहीत. सरळ प्रश्न विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याचा फ्रिज उघडून बघण्यासारखं आहे. मी "हो" म्हणालो, टोपी घातली आणि नळी घेऊन बसगाड्या धुवायला लागलो. आणि काम मला आवडतं हो. पहाटे यायचं, गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून रात्रभर विजेच्या वायरी लावलेल्या असतात त्या काढायच्या, काचांवरचं गोठलेलं दव खरवडायचं, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ चाकांवरून धुवायचं, आणि मग एकेक गाडी घरघरत बाहेर पडते आणि आपण नुसतं बघत राहायचं. एवढं एकच काम मला आजवर नीट जमलंय. ते जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

आणि सुट्टी तोंडावर आलेली असताना मला मिळते कागदाची थाळी. ड्वेनला काचेची, निळ्या काठाची. म्हाताऱ्या ऑरिनना, ते आमचे मेकॅनिक, त्यांना काचेची. सगळ्या ड्रायव्हरांना काचेची. मी बघितलं ना, प्रत्येक थाळीच्या खाली वाकून बघितलं, बुटाची नाडी बांधतोय असं दाखवून, एवढ्या वेळा वाकलो की ड्वेन म्हणाला, "लायल, तुला नाड्या नकोत, चिकटपट्टीचे बूट घे."

मी संशयी माणूस नाही, तुम्हाला सांगतो. मी स्वतःला समजावलं. म्हटलं, काचेच्या संपल्या असतील. तर दुपारी अर्लिसबाईंच्या खोलीत कपाटाचं दार उघडं, आणि आत काचेच्या थाळ्यांची ही उतरंड. संपल्या म्हणे! मग म्हटलं, बिस्किटं तरी तीच आहेत ना? तीच होती, उलट मला जास्तच होती. पण जास्त का? तुम्ही कुणाला जास्त देता? ज्याच्याबद्दल वाईट वाटतं त्यालाच ना?

खाल्ली मी ती. उत्तम होती. घशाखाली उतरत नव्हती, पण उत्तम होती.

मग माझ्या डोक्यात आलं, आणि हे डोक्यात आलं ही चूक म्हणा की काय म्हणा, की आपण ती कागदाची थाळीच भरून परत करायची. का नाही? ती टाकायची आहे असं कुठे लिहिलंय? आपण तिला काचेची मानायची. भरून परत केली की बाईंना ती पुन्हा भरून द्यावी लागेल, मग मी पुन्हा भरून देईन, आणि हे असं चालू असताना मधेच माणसाला कामावरून काढणार कसं? मला वाटलं, काय डोकं चालवलंय आपण. म्हणून थाळी ओल्या फडक्याने हळूच पुसली, काठ जरा फुगला, त्याच्यावर जाड पुस्तक ठेवून सपाट केला.

माझी खोली हार्डवेअरच्या दुकानावर आहे, तिथे ओव्हन नाही. एक टोस्टर आहे, छोटा, दाराचा, त्याला एकाच बाजूने आच लागते. त्यात एका वेळी मूठभर बिस्किटं मावतात आणि प्रत्येक बिस्कीट एका काठाला काळं आणि दुसऱ्या काठाला पांढरं होतं, म्हणून अर्ध्यात फिरवायची, तर मग दोन्ही काठांना काळं. ओट्स घेतले, काकवी घेतली, सुंठ घेतली, लोणी परवडेना म्हणून चरबी घेतली. आणि सोडा. सोडा मी घातला. म्हणजे घातला असावा. मी संशयी माणूस नाही, पण खालून मालकाने बर्फ काढायला हाक मारली, मी फावडं मारून वर आलो, आणि पिठाकडे बघून मला काही आठवेना, घातला की नाही? म्हटलं, संशय नको, म्हणून घातला. चव बघायला एखादं खायचं होतं, पण बाईंची थाळी आणि डेपोतल्या माणसांना एकेक, एवढी मोजकीच झाली होती, एक खाल्लं असतं तर कुणाला तरी कमी पडलं असतं.

सकाळी थाळी घेऊन गेलो. अर्लिसबाई टेबलापाशी. मी म्हणालो, "काही नाही, आपलं उगाच." त्या म्हणाल्या, "अगं बाई, कशाला एवढा त्रास." मी म्हणालो, "छे छे." इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग त्यांनी थाळी उचलली, आणि खाली बघितलं. एकदा थाळीकडे, एकदा माझ्याकडे.

"ही तीच का?"

"हो."

"धुतलीस?"

"पुसली."

"बरं," म्हणाल्या.

बरं! नुसतं बरं. पुढे काही नाही. आणि चेहरा असा उतरला म्हणून सांगू, जणू मी तिथे येऊन कुणी गेल्याची बातमी दिली. मी मागे मागे सरकत बाहेर आलो आणि दाराला आपटलो.

उरलेली बिस्किटं मी चहापानाच्या खोलीत एका डब्याच्या झाकणावर ठेवली होती, सगळ्यांसाठी. ड्वेनने एक उचललं, चावलं, थांबला, पुन्हा चावलं. मी बघतोय. तो खिडकीबाहेर बघतोय. शेवटी म्हणाला, "वेगळीच आहेत हं."

वेगळीच. तुम्हाला कळलं का काय म्हणाला तो? माझ्या मावशीने एकदा हिरव्या जेलीत गाजर किसून घातलं होतं आणि वर कोळंबी, तेव्हा आमचे पाद्रीबाबा म्हणाले होते, वेगळंच आहे. आमच्याकडे ह्याच्यापेक्षा वाईट कुणी काही बोलत नाही. पण मी म्हटलं, ड्वेनला काय कळतं, तो चॉकलेटं विकत आणणारा.

बिस्किटं संपत मात्र होती. खाताना कुणी दिसायचं नाही, पण झाकण रिकामं होत चाललं. कचऱ्याच्या डब्यात बघितलं, तिथे नाहीत. मी संशयी माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण बिस्किटं जात कुठे होती? प्रत्येक जण एक उचलायचा, रुमालात गुंडाळायचा, "घरी कॉफीबरोबर घेईन निवांत" म्हणायचा आणि खिशात टाकायचा. सगळेच कसे निवांत घेणार? मग उरलं एक. शेवटचं कुणी उचलत नाही, ती रीतच आहे आमची, अर्धं करायचं आणि अर्धं ठेवायचं, मग पुढचा त्याचंही अर्धं करणार. तर दुपारी बघतो तो काय, ड्वेन गॅरेजमधून लोखंड कापायची करवत घेऊन चहापानाच्या खोलीत चाललाय. मी विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "काही नाही, आपलं उगाच," आणि दार लावून घेतलं.

पण ते सोडा. त्याच दुपारी मी अर्लिसबाईंच्या खिडकीखाली नळी गुंडाळत होतो, खिडकी वाफ जायला जरा उघडी होती, आणि आतून आवाज, फोनवर. "हो, गाड्या धुवायला. सुट्टीनंतर लगेच लागेल. कुणी असेल तर बघून ठेवा. नाही हो, मुलगा चांगला होता... हो ना, मलाही वाईट वाटतंय."

होता.

मी तिथेच नळी हातात घेऊन बर्फात बसलो. म्हणजे आपण जी शक्कल लढवली ती फसली, उलट गोष्ट पुढे सरकली. कागदाची ती कागदाचीच. मी जाऊन एक गाडी धुतली, मग पुन्हा तीच धुतली, कारण ती शेवटचीच समजायची, नाही का, आणि ऑरिन दुसऱ्या गाडीखाली उताणे पडलेले, नुसते पाय दिसताहेत, आणि ते पाय मला म्हणाले, "पोरा, तो रंग आहे, निघायचा नाही."

तेवढ्यात अर्लिसबाई आल्या. धुण्याच्या जागेत त्या कधी येत नाहीत, बूट भिजतात. आल्या आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभ्या राहिल्या. आमच्याकडे असं कुणी उभं राहिलं की आधी हवेवर बोलायचं. "गारठा वाढला," त्या म्हणाल्या. "वाढला," मी म्हणालो. "तरी गेल्या वर्षीएवढा नाही." "नाही, तेवढा नाही." मग त्या बर्फाकडे बघत म्हणाल्या, "तिथे बरं असेल ना, तू जाशील तिथे?"

आता हे कसलं बोलणं? काढायचं तर काढा, पण पुढे कुठे जाणार ह्याचीही चौकशी? मी म्हणालो, "असेल बरं."

"लांब आहे का?"

"काय माहीत."

"तरुण आहेस. एका जागी कशाला राहशील." आणि त्यांचा आवाज जरा जड झाला. "तू काम छान केलंस हो, लायल. सगळ्यांना चुकल्यासारखं होईल."

"तुम्ही केलंत ते ठीकच केलंत," मी म्हणालो.

"मी काय केलं?"

"जे केलंत ते."

"बरं," म्हणाल्या. पुन्हा बरं! आणि हात पुढे केला. मी हात पुसला, पुढे केला, हात मिळवला. झालं. इतक्या सभ्यपणे गेली माझी नोकरी, तुम्हाला सांगतो, की जवळ उभं राहून बघणाऱ्याला वाटलं असतं इथे कुणाचं तरी लग्न ठरतंय.

त्या निघाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "एक सांग. कागदाची थाळी तू परत कशाला केलीस? ती टाकायची असते."

आणि माझ्या घशात, जो बंद होतो ना, त्या घशात काय झालं कोण जाणे, पण मी म्हणालो, "मग मला टाकायची कशाला दिलीत?"

असा सरळ प्रश्न. त्या डेपोत असा प्रश्न कुणी विचारला नसेल, डेपो बांधल्यापासून. गाडीखाली पान्याचा आवाज बंद झाला. ऑरिनचे पाय ताठ झाले. माझे कान इतके तापले की टोपी काढावी लागली.

अर्लिसबाई म्हणाल्या, "म्हणजे?"

आता काय, फ्रिज तर उघडलाच होता. मी म्हणालो, "सगळ्यांना काचेची दिलीत. मला एकट्याला कागदाची. सुट्टीपर्यंत बघू म्हणाला होतात. मी समजलो काय ते."

"अरे देवा," त्या म्हणाल्या आणि बादली उलटी करून तिच्यावर बसल्या, त्यांच्या चांगल्या कोटासकट. "अरे, तुझ्या खोलीत ओव्हन नाही. ऑरिननी सांगितलं मला. तुला काचेची दिली असती तर तू डोक्याला हात लावून बसला असतास, आता ही भरू कशाने आणि भाजू कशात. तुझ्यावर ओझं नको म्हणून कागदाची दिली मी, आणि बिस्किटं चार जास्त घातली."

"मला वाटलं, तुम्हाला मी नको."

"आणि मला वाटलं, तुला आम्ही नको. कागदाची थाळी पुसून परत करणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. म्हटलं, ह्याला काही बाकी ठेवायचं नाहीये, अगदी कागदसुद्धा ठेवायचा नाहीये. जाणारा माणूसच असं करतो. दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा नवऱ्याला म्हणाले, चांगला मुलगा होता, पण चाललाय. तो म्हणाला, विचार ना त्याला. मी म्हणाले, असं कसं विचारणार?"

गाडीखालून ऑरिन म्हणाले, "मग राहतोय की जातोय? मला पाना धरायला माणूस लागतो."

"राहतोय," अर्लिसबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "मी राहतोय?"

"मी आत्ता काय म्हणाले?"

"ते तुम्ही ऑरिनना म्हणालात."

"मग तू ऐकलंस ना? का तुला वेगळं सांगू?" आणि उठल्या, कोट झटकला, आणि जाता जाता हवेकडे बघून म्हणाल्या, "खरंच वाढलाय हो गारठा." म्हणजे झाला प्रकार मिटला, आता पुन्हा काढायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, संपलं, गोड झालं. मलाही तसंच वाटलं. छान झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी येतो तो माझ्या कोटाच्या खुंटीखाली, बाकावर, काचेचं भांडं. थाळी नाही हो, भांडं, खोलगट, जड, खजुराच्या वड्यांनी काठोकाठ भरलेलं, आणि बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने 'अर्लिस'. पट्टी लावलेलं भांडं! ते आमच्याकडे घरच्यासारख्या माणसालाच देतात. मी ते उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं, आणि तेवढ्यात अर्लिसबाई मागून म्हणाल्या, "परत द्यायची काही घाई नाही हं, लायल."

मी म्हणालो, "नाही, सुट्टीतच भरून आणतो ना, टोस्टर आहे माझ्याकडे."

"नको नको," त्या म्हणाल्या, जरा पटकनच म्हणाल्या. "अगदी निवांत. उन्हाळ्यात दिलंस तरी चालेल. आणि हे बघ, रिकामं दिलंस तरी चालेल."

रिकामं? अर्लिसबाई म्हणतात, रिकामं? ज्या बाईने आयुष्यात शेजारणीची चहाची वाटी कधी रिकामी परत केली नसेल, ती बाई? मी संशयी माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण हे काय? मी ड्वेनकडे बघितलं. ड्वेन खिडकीबाहेर बघत होता. ऑरिनकडे बघितलं. ऑरिन गालावर हात धरून बसले होते, दाढेवर.

मग मी चहापानाच्या खोलीत गेलो. झाकणावर माझ्या बिस्किटाचा तो शेवटचा तुकडा होता अजून, अर्ध्याचा अर्धा करत करत अंगठ्याच्या नखाएवढा राहिलेला, चारही बाजूंनी करवतीने कापलेला. शेवटचं कुणी उचलत नाही. मी उचलला आणि तोंडात टाकला.

सोडा घातला होता. दोन्ही वेळा.

साबणासारखा कडू तो तुकडा धड फुटेना आणि विरघळेना. मी नळाखाली तोंड धरून पोटभर पाणी प्यायलो, टोपी घातली आणि बसगाड्यांच्या वायरी काढायला गेलो. तेवढं मला जमतं.